थव्याची टक्केवारी : तेजो खाडीतले गॉडविट आणि मोन्तिजोचा विमानतळ

फेब्रुवारीचा मध्य. पोर्तुगालमधली तेजो नदी लिस्बनपाशी समुद्राला मिळते, तिथून थोडे वर, सामोरा कोरेया गावाच्या आसपास भातखाचरे आहेत. पीक शरदातच निघालेले. खाचरांत घोटाभर पाणी, धसकटे कुजत आलेली. बांधावरून नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर पाण्यात करडी ढेकळे पडली आहेत असेच वाटते. मग दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खाचरांवरून तरंगत येतो आणि ती ढेकळे एकदम उठतात. काळ्या शेपट्या, पंखांवर पांढरे पट्टे, मागे लांबलेले पाय. काळ्या शेपटीचे गॉडविट, आणि तेही हजारांनी. हिवाळ्यात आपल्या खाड्यांवर दिसणारा हाच पक्षी.

या थव्यातले किती पक्षी एका नव्या विमानतळामुळे अडचणीत येतील? प्रकरण एवढ्या एका प्रश्नाचे आहे. सरकारदरबारी मांडलेल्या अहवालाने उत्तर दिले, सहा टक्क्यांच्या आत. काही वर्षांनी त्याच खाडीवर, त्याच पक्ष्याबद्दल दुसरे उत्तर आले, दोन तृतीयांशांहून जास्त. दोन्ही उत्तरांत बेरीज-वजाबाकीची चूक नाही. मग एवढी तफावत आली कुठून, ते पाहण्यासारखे आहे.

जागा

तेजो ही इबेरियन द्वीपकल्पातली सर्वांत लांब नदी. मुखापाशी तिचा आकार चमत्कारिक आहे. लिस्बन शहरासमोर अरुंद खिंड, आणि तिच्या आत एकदम पसरट, उथळ जलाशय. या आतल्या भागाला पोर्तुगीज लोक ‘मार द पाल्या’ म्हणजे पेंढ्याचा समुद्र म्हणतात. ओहोटीला त्याच्या कडेने मैलोन्मैल चिखल उघडा पडतो, उधाणाच्या भरतीला तो सगळा पाण्याखाली जातो. पूर्व किनाऱ्यावर खाजणे, त्यांच्या मागे जुनी मिठागरे, आणि वरच्या अंगाला बांध घालून नदीकडून मिळवलेली सपाट शेतजमीन, जिच्यात भात पिकतो.

खाडीचा काही भाग १९७६ पासून राखीव आहे. १९८० मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली, पुढे युरोपीय संघाच्या पक्षी निर्देशाखालचे, म्हणजे पक्षीरक्षणाच्या कायद्याखालचे, विशेष संरक्षण क्षेत्र झाली. कागदावर याहून भक्कम संरक्षण मिळणे कठीण.

नकाशावर चिखल, मिठागर आणि खाचर हे तीन वेगवेगळे रंग आहेत. पक्ष्याच्या लेखी मात्र ते एकाच घराचे माजघर, ओसरी आणि परसू. ओहोटीला चिखलावर चरायचे, भरती चढली की मिठागराच्या उथळ पाण्यात एका पायावर उभे राहून ती उतरायची वाट पाहायची, आणि दाणा हवा असेल तर खाचरात जायचे. पक्षी निरीक्षणाला नव्याने लागलेला माणूस भरतीच्या वेळी किनाऱ्यावर येतो, रिकामे पाणी बघतो आणि ‘आज काहीच नाही’ म्हणून परत जातो. पक्षी तेव्हा त्याच्या पाठीमागे, रस्त्यापलीकडच्या शेतात असतात.

पक्षी एक, वस्त्या दोन

फेब्रुवारीत इथे दोन वेगवेगळ्या वस्त्यांचे गॉडविट एकत्र येतात. एक आइसलँडमध्ये वीण करणारे. ते अख्खा हिवाळा इथे काढतात, मुख्यतः चिखलावर राहून शिंपल्यांतले जीव खातात आणि आइसलँडला एप्रिलच्या सुमारास पोचतात. दुसरे नेदरलँड्स आणि आसपासच्या सखल कुरणांत वीण करणारे. त्यांतले बरेच पश्चिम आफ्रिकेत हिवाळा घालवतात आणि सहारा ओलांडून डिसेंबर-जानेवारीपासून इबेरियात उतरू लागतात. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांना डच कुरणांत हजर व्हायचे असते, म्हणजे हातात असतात फार तर काही आठवडे. एवढ्या अवधीत तीनेकशे ग्रॅमच्या देहावर पुढच्या सुमारे दोन हजार किलोमीटरची चरबी चढवायची. ती चढते खाचरांत सांडलेल्या भातावर.

कापणीयंत्रातून निसटलेला दाणा पावसाळी चिखलात रुततो. गॉडविटची चोच दहाएक सेंटिमीटर लांब, टोकाला संवेदनशील. मऊ चिखलात ती मुळापर्यंत जाते आणि दाणा चाचपून वर काढते. खाचर कोरडे पडले तर तोच दाणा तिथेच असतो, पण माती घट्ट झालेली असते आणि चोच आत जात नाही. म्हणजे खाचरात पाणी किती दिवस राहते यावर सगळे अवलंबून. आणि ते ठरवतो शेतकरी, स्वतःच्या हिशेबाने. नांगर कधी घालायचा, पाणी कधी काढायचे, पुढच्या हंगामात भातच लावायचा की दुसरे काही, यांतल्या एकाही निर्णयात पक्ष्याला मत नाही.

डच टोकालाही तेच. तिथे हा पक्षी गवताच्या कुरणात जमिनीवर अंडी घालतो. कुरणांतले पाणी काढून टाकले, एकाच जातीचे जोमदार गवत लावले, कापणी लवकर होऊ लागली; पिल्लांना किडे मिळेनात आणि यंत्रापुढून पळायला वेळ मिळेना. नेदरलँड्समध्ये १९६० च्या दशकात एक लाखाहून जास्त जोड्या होत्या, २०१५ पर्यंत तीस-पस्तीस हजारांवर आल्या. त्याच वर्षी डच लोकांनी मतदान घेऊन या पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी ठरवले. मान मिळाला तोवर मानकरी पाऊण संपले होते.

विमानतळ

लिस्बनचा विमानतळ १९४२ पासून शहराच्या पोटात आहे. वाढायला जागा नाही. नवा कुठे बांधायचा यावर पोर्तुगालमध्ये अर्धशतक घोळ चालला. जानेवारी २०१९ मध्ये सरकार आणि विमानतळ चालवणारी कंपनी यांच्यात करार झाला. नदीपलीकडे मोन्तिजो इथे हवाई दलाचा तळ आहे, त्याचीच धावपट्टी वाढवून तिथे दुसरा नागरी विमानतळ करायचा. तळ आधीच आहे, धावपट्टी आहे, खर्च कमी, काम लवकर. युक्तिवाद बिनतोड वाटतो.

अडचण एवढीच की तळ खाडीत घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर आहे. उत्तरेकडून उतरणारे विमान संरक्षित खाडीवरूनच खाली येणार. आणि तळाच्या शेजारी सामोउकोची मिठागरे आहेत. या मिठागरांची एक आधीची गोष्ट आहे. १९९८ मध्ये खाडीवर वास्को द गामा पूल झाला, तोही संरक्षित क्षेत्रातून. त्या नुकसानीची भरपाई म्हणून ही मिठागरे पक्ष्यांसाठी राखली गेली, त्यांची देखभाल करायला वेगळी संस्था झाली, आणि भरतीच्या वेळी पक्षी तिथे खरेच येऊन बसू लागले. भरपाई यशस्वी झाल्याची उदाहरणे मोजकी असतात, हे त्यांतले एक. आता दुसऱ्या प्रकल्पाची विमाने त्या भरपाईच्याच डोक्यावरून जाणार होती. पहिल्या कर्जाला तारण ठेवलेले शेत दुसऱ्या सावकाराला दाखवण्याचा हा प्रकार.

जानेवारी २०२० मध्ये पोर्तुगालच्या पर्यावरण संस्थेने प्रकल्पाला सशर्त मंजुरी दिली. सुमारे ४८ दशलक्ष युरोंच्या उपाययोजना सुचवल्या, त्यांत पक्ष्यांसाठी पर्यायी जागा सुधारण्याचाही समावेश होता. त्याच सुमारास सरकारमधल्या एका राज्यसचिवाने लेख लिहून, पक्षी काही मूर्ख नसतात, ते जुळवून घेतील, अशा आशयाचे मत मांडले. त्यावर पक्षीप्रेमींनी भरपूर राग काढला. मला त्या वाक्याचा तितका राग येत नाही. पक्षी मूर्ख नसतात हे खरेच आहे. म्हणूनच ते त्रास होणारी जागा सोडून जातात. प्रश्न हा की जायचे कुठे, आणि हातात काहीच आठवडे असताना नवी जागा शोधायची कधी.

सहा टक्के कसे निघाले

पर्यावरण अहवालाची रीत सरळ होती, आणि जगभर तीच वापरतात. विमानाच्या आवाजाचा आणि हालचालीचा त्रास कुठवर पोचेल याचे पट्टे नकाशावर आखायचे. त्या पट्ट्यात किती पक्षी मोजले गेले ते पाहायचे. त्याला संरक्षित क्षेत्रातल्या एकूण संख्येने भागायचे. गॉडविटच्या बाबतीत उत्तर आले अर्ध्या टक्क्यापासून साडेपाच टक्क्यांपर्यंत.

या हिशेबात न बोललेले एक गृहीतक आहे. आज पट्ट्यात असलेले पक्षी तेच पट्ट्यातले, बाहेर असलेले ते बाहेरचे. भर दुपारी विहिरीवर तीन माणसे दिसली म्हणून गावातली तीनच घरे त्या विहिरीचे पाणी पितात असे होत नाही. विहिरीवर दिवसभर बसले, आणि कोण कोण येऊन गेले ते चेहऱ्याने ओळखले, तर आकडा वेगळा निघेल. पण त्यासाठी चेहरे ओळखता यायला हवेत. हजारो गॉडविट एकमेकांसारखे दिसतात. फेब्रुवारीत तर विटकरी पिसे नुकती फुटू लागलेली असतात, तेव्हा आइसलँडचा कोण आणि नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडचा कोण हेही अनुभवी माणसाला खात्रीने सांगता येत नाही.

मोजणीच्या वेळेचाही प्रश्न आहे. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ पासून जानेवारीच्या मध्यावर होते. त्या गणनेचे मोल मोठे आहे, दीर्घकालीन चढउतार तिच्यामुळेच कळतात. पण भातखाचरांतला थवा जानेवारीच्या मध्यानंतरही फुगत राहतो, आणि मार्च उजाडला की विरतो. जानेवारीचा आकडा हाच हिवाळ्याचा आकडा मानणारा माणूस वसंताची गर्दी सरळ गाळतो.

कड्या

इथे बांधावरचा माणूस कामाला येतो. आइसलँड, इंग्लंड, पोर्तुगाल आणि नेदरलँड्समध्ये अनेक वर्षे गॉडविटच्या पायांत रंगीत कड्या घातल्या जात आहेत. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठाचे काम २००४ पासून चालू आहे; त्यांच्या पद्धतीत चार रंगीत कड्या आणि एक छोटी झेंडी असते. कोणता रंग, डाव्या पायात की उजव्या, वरून खाली कोणत्या क्रमाने, झेंडी कुठे, यावरून तो एकच पक्षी ओळखता येतो. म्हणजेच चेहरा.

हे वाचणे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात पक्षी पोटापर्यंत पाण्यात उभा असतो आणि पायांचा पत्ता नसतो. पाय बाहेर आला तर त्यावर चिखल. नारिंगी आणि लाल उन्हाने विटून एकमेकांसारखे होतात, फिका निळा ढगाळ उजेडात पांढरा दिसतो, संध्याकाळी पिवळा आणि पोपटी सांगता येत नाही. डावा पाय कोणता हे पक्षी समोर तोंड करून उभा असताना हमखास चुकते. पक्ष्याचा डावा, आपला नव्हे. वीस मिनिटे स्कोपला, म्हणजे तिवईवरच्या दुर्बिणीला, डोळा लावून चारांतल्या तीन कड्या जमतात आणि चौथीच्या वेळी थवा उडतो. अशा वेळी चौथी कडी ‘बहुधा पिवळी असावी’ म्हणून भरण्याचा मोह आवरणे ही या छंदातली खरी शिस्त. अर्धवट वाचन अर्धवट म्हणून लिहावे. अंदाजाने पूर्ण केलेल्या एका नोंदीमुळे मेलेला पक्षी कागदावर जिवंत होतो किंवा आइसलँडचा पक्षी एका रात्रीत आफ्रिकेत जातो.

भातखाचरांत एक सोय मात्र आहे. बांधाचा रस्ता उंच असतो, गाडीतून उतरले नाही तर पक्षी फारसे बिचकत नाहीत, आणि चरताना ते पावला-पावलाने पुढे सरकत राहतात, त्यामुळे पाय अधूनमधून उघडे पडतात. चिखलावर पाचशे मीटरवरून जे दिसत नाही ते इथे साठ मीटरवर मिळते. म्हणून संशोधकही फेब्रुवारीत भातखाचरांकडे वळतात.

अशा हजारो वाचनांतून, संशोधकांच्या आणि हौशी लोकांच्याही, एक जाळे उभे राहिले. अमुक कड्यांचा पक्षी सोमवारी सामोउकोत, गुरुवारी वरच्या खाचरात, पुढच्या वर्षी पुन्हा सामोउकोत. २०२३ मध्ये ‘अ‍ॅनिमल कॉन्झर्व्हेशन’ या नियतकालिकात या जाळ्यावर आधारलेला अभ्यास आला. त्यात प्रश्न उलटा विचारला होता. त्रासाच्या पट्ट्यात आत्ता किती पक्षी आहेत हे नाही, तर ओळख पटलेल्या पक्ष्यांपैकी किती जण त्या पट्ट्यातल्या जागा कधी ना कधी वापरतात. उत्तर ६८ टक्क्यांच्या वर गेले.

म्हणजे थवा वाटून बसलेला नव्हता. बहुतेक सगळेच पक्षी आळीपाळीने त्या एका कोपऱ्यातून जात होते. एका क्षणाला तिथे थोडे दिसतात, कारण बाकीचे त्या क्षणी दुसरीकडे असतात.

या आकड्याचाही अर्थ ताणू नये. ६८ टक्के पक्षी मरतील असे अभ्यास म्हणत नाही. महिन्यातून एकदा त्या मिठागरावर बसणारा पक्षी आणि रोज बसणारा पक्षी इथे एकाच रकान्यात येतात. पण कायद्याच्या चौकटीत प्रश्न ‘परिणाम लक्षणीय आहे का’ असा असतो, आणि सहा टक्क्यांचे उत्तर घेऊन बसलेला अधिकारी आणि अडुसष्ट टक्क्यांचे उत्तर घेऊन बसलेला अधिकारी एकच शेरा मारणार नाहीत.

शेवट कसा झाला

गंमत म्हणजे मोन्तिजो अडले ते पक्ष्यांमुळे नाही. डच संघटनांनी आवाज उठवला, पोर्तुगीज संघटना आणि कायद्याची लढाई लढणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था न्यायालयात गेल्या, दोन शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये पत्र लिहिले. पण मार्च २०२१ मध्ये नागरी विमान प्राधिकरणाने अर्ज विचारात घ्यायलाच नकार दिला तो वेगळ्या कारणाने. पोर्तुगालच्या तेव्हाच्या नियमानुसार बाधित होणाऱ्या सर्व नगरपालिकांची अनुकूल संमती लागत होती. मोयता आणि सेशाल या दोन पालिकांनी ती दिली नाही. त्यांना काळजी होती माणसांच्या कानांची आणि आरोग्याची.

मग सरकारने स्वतंत्र तांत्रिक आयोग नेमला. आयोगाने अनेक जागांची तुलना करून अल्कोशेतच्या लष्करी गोळीबार मैदानाचा पर्याय वरचा ठरवला, आणि मे २०२४ मध्ये सरकारने तोच जाहीर केला. मोन्तिजोचा नागरी विमानतळ बारगळला. नव्या विमानतळाला कवी लुईश द कामोंइश यांचे नाव मिळणार आहे.

नाव अल्कोशेतचे असले तरी त्या मैदानाचा बराचसा भाग शेजारच्या बेनावेंत पालिकेत, सामोरा कोरेयाच्या हद्दीत येतो. ज्या गावाच्या खाचरांत हा लेख सुरू झाला, तेच गाव. धावपट्टी खाडीच्या काठावरून आत सरकली, सामोउकोच्या डोक्यावरचे विमान टळले, आणि अंतर कमी झाले ते भातखाचरांशी. मोन्तिजोच्या वेळी पक्षीप्रेमींचा सगळा जोर चिखलावर आणि मिठागरांवर होता, कारण त्रासाचे पट्टे तिथे पडत होते. तेव्हा ‘शेतात तर पुष्कळ जागा आहे, तिकडे जातील’ असे प्रकल्पाच्या बाजूने म्हटले जाई. आता शेताचीच पाळी आहे, आणि शेत हे चिखलासारखे भरतीच्या भरवशावर भिजत नाही. दक्षिणेला स्पेनमध्ये ग्वादल्किवीरच्या मुखाजवळची प्रचंड भातखाचरे २०२३ मध्ये दुष्काळामुळे जवळजवळ पेरलीच गेली नाहीत. असे वर्ष आले की इबेरियात उतरणाऱ्या पक्ष्याला तेजोची खाचरे टाळून चालत नाही.

पक्षीप्रेमींच्या बाजूचेही एक खटकते. प्रचारात कधीकधी असे मांडले गेले की या विमानतळाने डच गॉडविट संपेल. तो पक्षी घटतो आहे तो मुख्यतः डच कुरणांत पिल्ले वाचत नाहीत म्हणून, हे ग्रोनिंगेन विद्यापीठाच्याच कामातून पुरेसे स्पष्ट झाले आहे. दुसऱ्याच्या खाडीसाठी सह्या गोळा करणे कुरणांवर चालणाऱ्या आपल्या दूधधंद्याला हात घालण्यापेक्षा सोपे असते. तरीही घटत्या वस्तीला वाटेतला थांबा सुरक्षित असणे जास्तच गरजेचे, त्यामुळे सह्या चुकीच्या होत्या असे मी म्हणणार नाही.

अल्कोशेतच्या पर्यावरण अहवालात भातखाचरांतले गॉडविट कोणत्या महिन्यात मोजले आहेत, ते एकदा की दर आठवड्याला, आणि कड्यांच्या नोंदी हिशेबात घेतल्या आहेत की नुसती डोकी, ही पाने मी आधी उघडणार आहे. थव्याची टक्केवारी त्यानंतर.